अक्काची लाभाची शेगडी

रविवार, १८ जानेवारी. जळकोट, तुझं घर.

हजर: दाजी, दारातल्या खुर्चीवर, न बोलता. तुझी लेक अश्विनी आणि तिचं बाळ, मधल्या खोलीत. अश्विनीच्या सासूबाई, म्हणजे तुझ्या उदगीरच्या विहीणबाई, आणि त्यांच्यासोबत जावई. गल्लीतल्या सोजरबाई, सगळ्यांच्या आधी आलेल्या, सकाळपासून स्वयंपाकघरात. जंगम स्वामी पूजा करून, जेवून गेले. बाकी गल्ली आणि भावकी मांडवात, पंगतीला. मी, तुझी धाकटी बहीण विमल, नांदेडहून. गैरहजर: तू.

अक्का, ही हजेरी ऐकून तू पदर तोंडाला लावून हसली असतीस. "यादीबाई आली गं माय! आता कुणी किती बुंदी खाल्ली ते पण लिहून ठेवती." मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर झाल्यापासून तू मला इमल कमी आणि यादीबाई जास्त म्हणायचीस. तर यादीबाईनं तुझी शिवगणाराधना, तुझ्या मागची पूजा आणि पंगत, पार पाडली. भात कमी पडला नाही. पाण्याचा टँकर वेळेवर आला. दाजींची रक्तदाबाची गोळी चुकली नाही. तुझ्या फोटोला हार मोठा झाला, तो मागून दोऱ्यानं आवळला. सगळं झालं, आणि मी दमले आहे. रडून दमले असते तर बरं झालं असतं. पण दिवसभर रडायला सवड नव्हती, आणि आता सवड आहे तर जीव नाही.

संध्याकाळ होत आली आहे. तुझ्या त्या खोलीतच बसून लिहिते आहे. दार सताड उघडं, खिडकी सताड उघडी. थंडी आत येते आहे. येऊ दे.

आज पंगतीत तुझं मरण निरनिराळ्या तऱ्हेनं वाढलं जात होतं. पुरुषांच्या पंगतीत तुला झटका आला होता. "चालता-बोलता गेली, कुणाला तकलीफ दिली न्हाई." बायकांत तुझ्या तोंडावरच्या तेजाची गोष्ट चालू होती. "गाल कसे गुलाबी होते! मेल्यावर असा रंग कुणाचा ऱ्हातो? महादेवानंच बोलावून नेली." मी ताक वाढत होते. वाढत राहिले. आणि स्वयंपाकघरात, भांड्यांच्या आवाजाआड, आणखी एक गोष्ट होती. सोजरबाई कुणाला तरी सांगत होत्या, "पोरगी जन्माला आली आन् आजीला घेऊन गेली. पायगुण असतो बाई."

आपल्यात सुतक पाळत नाहीत, विटाळ मानत नाहीत, हे अव्वानं आपल्या दोघींना लहानपणापासून सांगितलं. पायगुण मात्र कुठल्या दारानं घरात शिरला, कोण जाणे. मधल्या खोलीत अश्विनी बाळाला पाजत बसली होती. मध्ये फक्त पडदा आहे.

सोजरबाईंवर मी रागावत नाही. त्यांना तुझ्या शेगडीवर बोट ठेवता येत नव्हतं, म्हणून त्यांनी बाळावर ठेवलं.

तुझी शेगडी. तीन पायांची, लोखंडी, अव्वाकडून तुझ्याकडं आलेली. गल्लीत कुणाची लेक बाळंतपणाला आली की आधी दवाखान्यात नाव घालायचं आणि मग तुझ्याकडं येऊन शेगडी सांगून ठेवायची. लाभाची शेगडी. तिच्या शेकावर वाढलेलं एकही बाळ दगावलं नाही, असा तिचा लौकिक. तू ती आधी घासायचीस, तिला विभूतीची तीन बोटं ओढायचीस आणि तिच्याबरोबर स्वतः जायचीस. शेगडी एकटी कुणाच्या घरी कधी गेली नाही. कुणाच्या बाळंतिणीची पाठ रगडून, कुणाच्या बाळाला पायावर घेऊन न्हाऊ घालून तू परत यायचीस, आणि दाजी दुकानातून ओरडायचे, "आलीस का पंचायत समिती?"

माझं बाळंतपणही तूच केलंस. अव्वा तेव्हा अंथरुणाला खिळलेली. जुन्या घरातली बारकी खोली, वर मातीचं धाबं, धाब्याला मधोमध उजेडासाठी ठेवलेलं भोक. साणं म्हणायचो आपण त्याला. नवारीची बाज, बाजेखाली निखारे, निखाऱ्यांवर ओवा आणि बाळंतशेपा. तू पाठ अशी रगडायचीस की मी ओरडायचे, "अक्का, हाडं मोडतील!" तू म्हणायचीस, "मोडू दे, नवी बसवून देते." माझी कंबर आजपर्यंत कधी दुखली नाही. वसतिगृहाचे चार मजले दिवसातून कितीदा चढते-उतरते, माझ्या वयाच्या बाकीच्या जिन्यात थांबतात. याचं श्रेय तुला कधी दिलं नाही. आज देते, म्हणजे कुणाच्याच उपयोगाचं नाही.

पण डोकं दुखायचं, अक्का. शेक सुरू झाला की थोड्या वेळानं कपाळ जड व्हायचं, मळमळायचं, डोळे आपोआप मिटायचे. न्हाणीसाठी अंगणातून जावं लागायचं, तेवढ्यात उतरायचं. परत आत आले की परत सुरू. तू म्हणायचीस, बाळंतवारं. कानात वारं शिरलंय. मग तू कानाला आणखी एक फडकं बांधायचीस आणि दाराच्या फटीत आणखी एक चिंधी कोंबायचीस. डोकं दुखलं की वारं लागलं म्हणायचं, वारं लागलं की फट बुजवायची, आणि फट बुजवली की डोकं आणखी दुखणार. आपल्या सगळ्या बायका या घाण्याला फिरल्या. आपण वाचलो त्या साण्यामुळं. तिथपर्यंत तुझा हात पोचत नव्हता.

मग हे घर झालं. स्लॅब, टाइल्स, सरकत्या काचेच्या खिडक्या. वास्तूच्या दिवशी तू मला हीच खिडकी एका बोटानं सरकवून दाखवलीस. "बघ इमल, मुंगी शिरायची न्हाई. धूळ न्हाई, डास न्हाई." किती खूश होतीस. आयुष्यभर दुसऱ्यांची घरं शेकलीस आणि म्हातारपणी तुला स्वतःचं ऊबदार घर मिळालं. अश्विनी बाळंतपणाला आली तेव्हा तू तिला हीच खोली दिलीस, सगळ्यांत बंदिस्त. तरीही खिडकीच्या रुळात जुन्या लुगड्याची पट्टी घातलीसच. ती मीच परवा ओढून काढली.

आणि तू निष्काळजी नव्हतीस. हे मला मांडवात उभं राहून ओरडून सांगायचं होतं. तू कोळसा कधी घरात पेटवला नाहीस. बाहेर ओट्यावर, उजाडताना, कुडकुडत बसून पेटवायचीस. धूर पुरता जाईपर्यंत थांबायचीस. निखारे लाल झाले, वर राखेची साय धरली, की मग शेगडी आत. "धूर गेला की जहर गेलं," असं तू प्रत्येक घरात शिकवत आलीस. इतकी काळजी घेणारं माणूस मी पाहिलं नाही. फक्त जहर धुरात नव्हतं. ते त्या लाल, बिनधुराच्या निखाऱ्यातून निघत होतं. त्याला रंग नाही, वास नाही, डोळ्यांत पाणी येत नाही, ठसका लागत नाही. बंद खोलीत ते साचत जातं आणि माणसाला झोप आल्यासारखं वाटतं.

आपलं भांडण यावरच तर चालू होतं. मागच्या हिवाळ्यात माझ्या वसतिगृहातली एक मुलगी न्हाणीघरात पडली. गॅसचा गिझर आत, दार बंद, थंडी वाजते म्हणून झरोक्याला पुठ्ठा लावलेला. दार तोडून तिला मोकळ्या हवेत आणली, दवाखान्यात प्राणवायू लावला, वाचली. मी सगळे गिझर न्हाणीघराबाहेर काढून घेतले, झरोक्यांवर कुणी पुठ्ठा लावला तर घरी चिठ्ठी जाईल असं बजावलं, आणि तुला फोन केला. तुला आठवतं काय म्हणालीस? "उपाशी असंल पोरगी. तुझ्या मेसचं खाऊन कुणीबी पडंल."

"अक्का, तुझ्या शेगडीतूनही हाच वायू निघतो."

"माझ्याकडं गॅस कुठाय? बाभळीचा कोळसा हाय. झाडानं कधी माणूस मारलंय व्हय?"

"अगं, कोळशाचंच—"

"आन् गॅसला वास असतो की! वास आला तर कळंल. तू तुझ्या पोरी सांभाळ, मला बाळंतिणी सांभाळू दे."

तू जिंकलीस. तू नेहमीच जिंकायचीस, कारण तुझ्याकडं गल्लीभर जगलेली बाळं होती आणि माझ्याकडं एक पडलेली मुलगी.

शेवटचा फोन तूच केलास. दिवसभराची कामं संपवून मी चहा ओतत होते.

"अशूचं डोकं उठलंय. माझंबी. आन् बाळ सुस्त झालंय, दूध ओढंना."

"तिघींना एकदम?"

"थंडी लई हाय औंदा."

"खोलीबाहेर गेल्यावर बरं वाटतं का?"

तू खोटं बोलणारी नव्हतीस. "हाव. न्हाणीत गेलं की बरं वाटतं."

"अक्का, शेगडी बाहेर काढ. आत्ता. दार-खिडकी उघड आणि तिघी दवाखान्यात जा. जाऊन सांग की खोलीत कोळसा असतो."

"ओली बाळंतीण हाय ती! खिडकी उघडून बसवू तिला? जन्माचं दुखणं लागंल. काय बोलूलालीस, कळतंय का तुला?"

"अक्का, ऐक."

"बरं बाई. काढते. ठेव आता."

तुझा तो "बरं बाई" मी पाळण्यात असल्यापासून ऐकते आहे. अव्वा म्हणायची, कडू काढा पी. तू म्हणायचीस, बरं बाई, आणि काढा तुळशीला. तरी मी फोन ठेवला. समोरच्या माणसानं बरं म्हटल्यावर दुसरं काय करतात?

दवाखान्यात तू गेलीस, अर्धं ऐकलंस. डॉक्टर म्हणाले, बाळाला किंचित कावीळ आहे, सकाळचं कोवळं ऊन दाखवा. शेगडीचं त्यांनी विचारलं नाही आणि तू सांगितलं नाहीस. कशाला सांगशील? विस्तवाचं दवाखान्यात कुणी सांगतं का?

त्या कोवळ्या उन्हानं दोघी वाचल्या. त्या सकाळी अश्विनी बाळाला गुंडाळून गच्चीवर गेली, तुझ्या हजार सूचना घेऊन. कान बांध, पाय झाक, वाऱ्याकडं पाठ कर. तू मागं राहिलीस. त्या येईपर्यंत खोली गार पडू नये म्हणून शेगडीत नवे निखारे घातलेस, दार लावलंस, खिडकी होतीच बंद. रात्रभर बाळानं जागवलं होतं. बाजेवर जरा पाठ टेकलीस.

अश्विनी खाली आली, तिनं दार उघडून पाहिलं. तू झोपली होतीस. कुशीवर, हात गालाखाली, अगदी छान. तुला दिवसा झोपलेलं तिनं जन्मात पाहिलं नव्हतं. तिला वाटलं, झोपू दे आईला. बाळ रडून तुला उठवील म्हणून तिनं दार हलकेच ओढून घेतलं आणि बाहेरच्या खोलीत जाऊन बसली.

हे तिनं मला उदगीरच्या दवाखान्यात सांगितलं, माझा दंड इतका घट्ट धरून की वळ उठले. दाजी जेवायला घरी आले तेव्हा ते आत गेले आणि हाका मारता मारता त्यांनाच भोवळ आली. शेजाऱ्यांनी दोघांना बाहेर ओढलं. दाजी ओट्यावर शुद्धीवर आले. तू नाही.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण शांत. त्यांनी आधी विचारलं, "खोलीत काय पेटलेलं होतं?" मग तुझं रक्त तपासायला पाठवलं, अश्विनीला आणि बाळाला बरं वाटत असूनही दाखल करून घेतलं, तोंडावर प्राणवायू लावला. मला बाजूला घेऊन समजावलं. कोळसा, लाकूड, गॅस, जनरेटर, काहीही जळताना हा वायू निघू शकतो. तो रक्तात शिरून प्राणवायूची जागा बळकावतो. गालांचा तो रंग त्याचाच, पण रंगाची वाट पाहू नका, जिवंतपणी तो बहुधा दिसत नाही. डोकेदुखी, मळमळ, चक्कर, झोप, गोंधळल्यासारखं होणं, आणि एका खोलीतल्या सगळ्यांना एकदमच होणं, बाहेर गेलं की उतरणं, ही ओळख. मी विचारलं, "खिडकी उघडी ठेवून शेगडी चालते का?" मला वाटत होतं, एवढं तरी तुला पटलं असतं. त्या म्हणाल्या, "नाही. खिडकीच्या भरवशावर राहायचं नाही. निखारा घरात न्यायचाच नाही. ऊब बाहेरून तापवून आत आणा. वाळूची पुरचुंडी, गरम पाण्याची पिशवी, कपड्यात गुंडाळून."

इतकं सोपं होतं, अक्का. वाळूची पुरचुंडी. तू किती छान शिवली असतीस ती.

घरी आल्यावर दाजींनी मला आणि जावयांना बसवून सांगितलं, "झटका आला असंच सांगायचं." मी म्हटलं, का? ते म्हणाले, "कोळशाचं सांगितलं की लोक विचारतील दार कुणी लावलं. माझी पोरगी जन्मभर तेच ऐकत बसंल." आणि ते माझ्याकडं पाहीनात. मला त्यांचं म्हणणं मोडवेना. बायको गेलेल्या माणसानं लेकीसाठी एवढं एकच मागितलं होतं. म्हणून झटका ठरला. आणि झटक्याला कारण लागतं, ते लोकांनी पाळण्यातून शोधून काढलं.

आज जेवणं उरकल्यावर विहीणबाई पदर खोचत दाजींसमोर येऊन उभ्या राहिल्या. मी बुंदीचं पातेलं झाकत होते. "एक बोलते, राग मानू नका," त्या म्हणाल्या. "बारशाचा पाळणा आत्ताच नको करायला. आन् पोरीला सध्या हितंच राहू द्या. सव्वा महिना झाला तरी घाई न्हाई. आमच्या घरातबी म्हातारं माणूस हाय."

जावई जमिनीकडं बघत राहिले. दाजींनी मान हलवली, म्हणजे होही नाही आणि नाहीही नाही. पडद्याआडून बाळाच्या पाळण्याची करकर थांबली.

मी पातेलं खाली ठेवलं. "विहीणबाई, जरा इकडं या. खोली दाखवते."

"इमल," दाजी म्हणाले. "राहू दे."

"दाजी, ती लेक तुमची आहे, आणि ही नात पण तुमची आहे." मला एवढंच सुचलं. मी फार भांडण करण्याच्या अवस्थेत नव्हते. पाय दुखत होते.

विहीणबाईंना या खोलीत आणलं. बाज तशीच होती. शेगडी कोपऱ्यात, राखेसकट. मी सांगायला सुरुवात केली. झटका आला नाही. कोळसा, बंद खिडकी, तुझी डोकेदुखी, फोन, गच्चीवरचं ऊन. वसतिगृहात मुलींना सांगते तसं एकामागून एक सांगत गेले आणि दाराशी येऊन थांबले. ती गोष्ट माझी नव्हती.

"मावशी पुढचं सांगत न्हाई," मागून आवाज आला. अश्विनी उंबऱ्यात उभी होती, बाळ खांद्यावर. "मी आले होते खाली. आई झोपली होती. मी दार ओढून घेतलं. मीच." तिचा आवाज रडवेला नव्हता. रडून संपलेला होता. "मनून म्हणते, पायगुणाचं बोलायचं असलं तर माझं बोला. हिचं न्हाई. ही तर उन्हात होती."

दाजी तिच्या मागं येऊन उभे राहिले होते. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो तिथंच राहिला.

विहीणबाई खिडकीपाशी गेल्या. एका बोटानं काच सरकवली. बंद केली. हात लावून फट चाचपली. परत उघडली.

"आमच्या मागच्या खोलीला अशीच हाय," त्या म्हणाल्या. "मागच्या साली बसवली." मग बाजेवर बसल्या, तू पडली होतीस तिथंच, त्यांना ते माहीत नसावं. "कोळशाचं पोतं आणून ठेवलंय मी. अशू येईल तवा शेकायला. शेगडी नवी आणली, मोठी."

मग अश्विनीला म्हणाल्या, "हिकडं ये. दार मीबी ओढूनच घेतलं असतं. सासू झोपलेली दिसली तर कोणती सून उठवती? आन् तुझी तर आई होती." त्यांनी हात पुढं केले. "आण तिला. बघू दे. नाक अगदी आजीचं हाय. पाळणा आमच्याकडंच करायचा. पोतं मी इस्त्रीवाल्याला देऊन टाकते, त्याला रस्त्यावर बसून जाळायचं हाय."

अक्का, तेव्हा मला थोडं रडू आलं. पण बाळानं विहीणबाईंच्या नव्या लुगड्यावर लगेच धार सोडली, आणि त्या म्हणाल्या, "झालं, आजीचा सगळा गुण घेतलाय, कुणाला सोडायचं न्हाई." तुझी लेक हसली. तू गेल्यापासून पहिल्यांदा. मी मोजलं नाही, पण नोंद घेतली.

इथं संपलं असतं तर बरं झालं असतं. पण आवराआवर झाल्यावर सोजरबाई हात पुसत आल्या आणि म्हणाल्या, "इमल, अक्काची शेगडी घेऊन जाते मी. धाकट्या सुनेचे दिवस भरत आलेत."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "सोजरबाई, अक्का कशानं गेली ते दुपारी स्वयंपाकघरातून ऐकलंत ना?"

"ऐकलं की. खिडकी बंद होती मनून. नशिबाचा भाग हाय. शेगडीचा काय दोष? लाभाची शेगडी हाय ती. माझे दोन नातू तिच्यावरच वाढले."

"मी देणार नाही."

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. रागानं नाही, दुःखानं. "अक्कानं दिली असती," त्या म्हणाल्या. "अक्का सोता आली असती." आणि चपला घालता घालता: "नको देऊस बाई. आमच्या घरात घमेलं हाय."

खरं बोलल्या. तू दिली असतीस. आणि शेगडी मी अडवून ठेवली तरी घमेलं आहेच. तुझी शेगडी मी नांदेडला नेईन, माझ्या गॅलरीत तिच्यात तुळस लावीन, तुला ते चाललं असतं की नाही ठाऊक नाही. पण निखारे जळण्यासाठी तुझीच शेगडी हवी असं थोडंच आहे. आणि तू प्रत्येक घरात स्वतः जाऊन शिकवलेलं, की धूर गेला की जहर गेलं, ते प्रत्येक घरात अजून खरंच आहे. ते परत घ्यायला तूच यायला हवी होतीस. तुझं त्यांनी ऐकलं असतं. आपलं हे भांडण मी आता कुणाशी संपवू?

मघाशी अश्विनी चहा घेऊन आली. मी सोजरबाईंचं सांगितलं. ती म्हणाली, "मावशी, उद्या जाऊ आपण दोघी. मी सांगते त्यांच्या सुनेला. माझं ऐकंल ती." मी म्हटलं, तुझा सव्वा महिना झाला नाही, उंबरा कशी ओलांडशील, गल्ली काय म्हणेल. ती म्हणाली, "कान बांधून येते की," अगदी तुझ्या आवाजात. वाळूची पुरचुंडी शिवायला तुझी जुनी साडी काढली आहे तिनं. किती जाड कापड घ्यायचं, शिवण कशी घालायची, हे मला विचारत होती. मला येत नाही. ते तुला आलं असतं.

ही खिडकी उघडी असली की समोर सोजरबाईंच्या घराची मागची बाजू दिसते. वास्तूच्या दिवशी तू खिडकी दाखवलीस, तिच्यातून काय दिसतं ते दाखवलं नव्हतंस. त्यांच्या मागच्या खोलीत दिवा लागला आहे. खिडकी बंद आहे आणि बाहेरून प्लॅस्टिकचा कागद ठोकला आहे, नवा, चारही बाजूंनी पट्ट्या मारून, नीट, काळजीनं. सोजरबाईंच्या घरी जायचं अजून राहिलं आहे.